मार खाण्यापूर्वी यादी वाचावी

अमेरिकेत कागदपत्रांविना राहताय आणि कोणीतरी तुमच्यावर धावून येतंय? त्याला दोन मिनिटं थांबवा आणि 2000 सालच्या कायद्यातली गुन्ह्यांची यादी काढा. गुन्ह्याचा बळी ठरून पोलिसांना मदत करणाऱ्याला यू व्हिसा मिळतो, पण गुन्हा यादीतला हवा. खंडणी आहे, अपहरण आहे, घरगुती हिंसाचार आहे. नुसती लूट नाही. तेव्हा गल्ला रिकामा करणाऱ्याला नम्रपणे विचारा, ‘दादा, जरा माझ्यावर शस्त्र रोखता का? म्हणजे गंभीर हल्ल्यात बसेल.’

हसू नका. आपल्या काही देशबांधवांनी यादी इतकी मन लावून वाचली की मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांच्यावर खटला झाला. आरोप असा, की दुकानांत लुटीचं नाटक करायचं, ‘लुटारू’ पसार होईपर्यंत पाचेक मिनिटं थांबायचं आणि मग पोलिसांना फोन करायचा. खऱ्या बळीला एवढी शिस्त कुठून येणार? तो बावळट लगेच ओरडतो.

मग तुम्ही मदत केल्याच्या दाखल्यावर पोलिसांची सही मिळवा. सही करायलाच हवी, असं केंद्रीय कायदा म्हणत नाही. मिळालीच, तर सहा महिन्यांत अर्ज करा, नाहीतर ती शिळी होते. तुमचा अर्ज मात्र कितीही वर्षं शिळा होत नाही. वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी व्हिसे 10,000, रांगेत अर्ज दोन लाखांहून जास्त.

इतकं थांबून नकार आला, तर? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. अमेरिकी संसदेने ती पायरीच बरीचशी काढून घेतलीय: अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेल्या निर्णयात कोर्टाने डोकावायचं नाही. नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या केंद्रीय अपील न्यायालयाने 2019 मध्ये यू व्हिसाच्या नकाराला आव्हान देता येतं, असं म्हणून थोडी फट ठेवली. पण डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विवाहाधारित अर्जाच्या खटल्यात एकमताने सांगितलं, की दिलेली मंजुरी रद्द केली तर कोर्टात जाता येणार नाही; कायद्यात ‘करू शकतात’ असा शब्द आहे ना! तोच अर्ज त्याच कारणाने सुरुवातीलाच फेटाळला असता, तर मात्र कोर्टाचं दार उघडं होतं.

असा अर्ज केलेल्या घरात पहिल्याच फटक्यात नकार आला तर पेढे वाटा. मंजुरी आली, तर ताबडतोब वकिलाला फोन लावा.