उजवा पाय

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या रेड डेझर्टमध्ये, घडीच्या खुर्चीवर बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी गेल्या आठवड्यात मला माझा उजवा पाय उचलायला लावला आणि मी तो निमूटपणे उचलला, ही गोष्ट अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

मी तिथे कसा पोहोचलो हे सांगण्यात फारसा अर्थ नाही. कोल्हापूरचा माझा एक मित्र तिकडे ट्रोनाच्या, म्हणजे सोड्याच्या खनिजाच्या, खाणीत इंजिनिअर आहे आणि राज्याच्या सोडतीत त्याला यंदा एल्कच्या मादीचा परवाना लागला. "डेन्व्हरहून ये की भावा, वाळवंट बघशील," असे आमंत्रण आले. एल्क हा आपल्या काश्मिरी हंगुलाचा भाऊबंद असून त्याची मादी सव्वादोनशे किलोच्या घरात भरते, आणि मारलेले जनावर जागेवरच तोडून, पाठीवर घालून, अनेक खेपांत गाडीपर्यंत आणावे लागते, ही माहिती मला रॉक स्प्रिंग्जला पोहोचल्यावर मिळाली. बंदूक एक आणि पाठी दोन, असा एकूण हिशेब होता.

मित्राच्या घरात शिकारीचा विषय निघाला की तो थेट संस्थानापासून सुरू होतो. कोल्हापूर दरबारात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत असत, हे खरेच आहे. मित्राच्या आजोबांचा त्यात नेमका वाटा काय होता, हे मात्र त्या चित्त्यांनाच ठाऊक. १९७२ च्या कायद्याने भारतातली शिकार बंद झाल्यावर हा वारसा दोन पिढ्या गप्पांवर जगला आणि शेवटी वायोमिंगमध्ये, रायफल आणि झगझगीत नारिंगी जाकीट घेऊन, पुन्हा उभा राहिला. नारिंगी रंग हौसेचा नाही. मोठ्या जनावराच्या शिकाऱ्याने वरचा निदान एक कपडा तसा घालावा, असा तिथला नियम आहे. गुलाबीही चालतो. मला मिळाला तो गुलाबी.

रेड डेझर्टमध्ये सेजब्रशची गुडघाभर उंचीची करडी झुडपे, वारा आणि आकाश यांखेरीज पाहण्यासारखे काही नाही, असे पहिल्या तासाभरात माझे मत झाले. तिथल्या एका मोठ्या खोऱ्यातून पाणी पॅसिफिककडेही जात नाही आणि अटलांटिककडेही जात नाही; पडते तिथेच मुरते किंवा वाळते. लपायला झाड नाही, त्यामुळे एल्कचा कळप आपल्याला मैलभरावरून दिसतो आणि आपण त्याला त्याच्या आधी दिसलेले असतो. इतके मोकळे रान मी आयुष्यात पाहिले नव्हते. कुंपण नाही, पाटी नाही, माणूस नाही. म्हणजे तसे वाटले.

प्रत्यक्षात त्या रानाच्या दक्षिण भागाचा इंच न् इंच मोजलेला आहे. १८६२ आणि १८६४ च्या कायद्यांनी सरकारने रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांपर्यंत जमीन दिली, पण सलग दिली नाही. मैलभर लांब आणि मैलभर रुंद असे चौकोन पाडले आणि एक कंपनीला, एक सरकारला, असे बुद्धिबळाच्या पटासारखे वाटप केले. कंपनीचे चौकोन पुढे विकले गेले आणि खासगी झाले. सरकारी चौकोनात कोणीही शिकार करावी. मात्र एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात जायचे तर दोन्ही फक्त कोपऱ्यावर, एका बिंदूत भेटतात. २०२१ साली मिसुरीच्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ अशा कोपऱ्यावर चक्क शिडी लावून पलीकडे पाय टाकला, खासगी जमिनीला स्पर्शही केला नाही, तरी आपल्या जमिनीवरच्या हवेतून गेले म्हणून मालकाने त्यांना कोर्टात खेचले. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचा अर्ज ऐकायलाही नकार दिला. एका पावलासाठी एवढे रामायण.

आम्हाला नेमका असाच एक कोपरा ओलांडायचा होता. तिथे जमिनीत मोजणीची खुंटी होती, खुंटीवर पितळी टोपी होती आणि खुंटीशेजारी हे गृहस्थ खुर्चीत बसले होते. मांडीवर घोंगडी, हातात थर्मास, मागे त्यांचा ट्रक. ते जमिनीचे मालक नव्हते, वनखात्याचे नव्हते आणि पोलीसही नव्हते. त्यांचा मेहुणा शिकारीला गेला होता आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांना स्वतःला चालता येत नव्हते. माझ्या आयुष्यात जे लोक मला नियम शिकवायला आले, त्यांतल्या बहुतेकांचा त्या नियमाशी इतपतच संबंध होता.

मित्र खुंटीवरून टांग टाकून पलीकडे गेला. त्याच्यामागून मीही गेलो.

"आपला उजवा पाय खासगी जमिनीत आहे," गृहस्थ म्हणाले.

मी खाली पाहिले. खुंटीपासून वीतभर अंतरावर, दोन झुडपांच्या मध्ये माझा बूट होता.

"न्यायालयाने परवानगी दिली आहे," मी म्हणालो.

"न्यायालयाने तुम्हाला हवा दिली आहे," ते अत्यंत सौम्यपणे म्हणाले. "पाय दिलेला नाही."

मी पाय उचलला. एका पायावर उभे राहून, गुलाबी जाकिटात, मी त्यांना विचारले की माझी सावली तर चांगली दहा फूट आत गेली आहे, तिचे काय करायचे? त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांना या प्रश्नाचा राग आला नाही, उलट इतका चांगला प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

"सावलीला मी काही म्हणत नाही," शेवटी ते म्हणाले. "तिचे वजन नसते."

इतक्यात मित्राने दुर्बीण डोळ्याला लावली आणि श्वास रोखला. समोरच्या खासगी चौकोनातून पंधरा-वीस माद्यांचा कळप चरत चरत, कसलीही मोजणी न करता, आमच्या सरकारी चौकोनाकडे येत होता. आणखी थोडे चालून त्या हद्दीच्या अलीकडे आल्या असत्या. मी कुजबुजत एवढेच म्हणालो की पाय वीतभर नव्हे, फार तर चार बोटे आत होता.

"मोजून पाहू," असे म्हणून ते गृहस्थ उठले, लंगडत ट्रककडे गेले, आतून मोजपट्टी काढली आणि ट्रकचे दार धाडकन लावले.

माना वर झाल्या, कळप वळला आणि टेकाडापलीकडे दिसेनासा झाला. मोजपट्टीने अंतर साडेसहा इंच भरले. गृहस्थांनी ते मला दोनदा दाखवले.

माझा राग त्या गृहस्थांवर नाही, किंवा फक्त त्यांच्यावर नाही. ज्या माणसाच्या घरची शिरोळकडच्या शेताच्या बांधावरून भावकीशी तीन पिढ्या कोर्टबाजी चालू आहे, ज्याच्या काकांनी हातभर बांध कोरला म्हणून कुऱ्हाड काढली होती, तो माझा मित्र तिथे टोपी काढून "थँक यू, सर" म्हणाला. पुढे गेल्यावर मला म्हणाला, "तू वाद घातलास म्हणून तो टेप आणायला गेला." याला काय उत्तर द्यावे? त्या खुंटीवरून तोही माझ्यासारखाच गेला होता, पण त्याच्या पायाकडे कोणी पाहिले नाही. त्याच्याकडे परवाना होता, रायफल होती, आणि जाकीट नारिंगी होते.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने शिकारीची कायदेशीर वेळ संपली आणि रिकाम्या पाठींनी आम्ही परत आलो. वहिनींनी दुकानातल्या कोंबडीचा पांढरा रस्सा केला होता. मित्राने त्यांना सगळी हकिगत रंगवून सांगितली. तिच्यात कळप होता, वारा होता, आजोबा होते आणि ऐन वेळी बडबड करणारा मी होतो. खुर्ची, थर्मास आणि मोजपट्टी यांचा उल्लेखही नव्हता. मी साडेसहा इंचांविषयी बोलायला तोंड उघडले, तेव्हा वहिनी माझ्या वाटीत रस्सा वाढत म्हणाल्या, "असू दे हो भाऊजी, सगळ्यांनाच नाही जमत शिकार."