‘ठेका घेतला म्हणजे विधानसभा बंद’ या फॉरवर्डमध्ये काय चुकलंय

“सरकारी ठेका एकदा घेतला की विधानसभेचा अर्ज बाद. संस्थेचं पद असेल तर आधी राजीनामा द्या. आजवरचं समाजकार्य प्रचारखर्चात धरतात.” तालुक्यातला एखादा उद्योजक किंवा सामाजिक कार्यकर्ता उभा राहणार अशी कुणकुण लागली की हा मजकूर ग्रुपवर फिरू लागतो. पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे. बाकीच्या दोन्हींत नाही.

आधी ठेक्याचं बघू. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९अ मध्ये ‘चालू’ करार हा कळीचा शब्द आहे. उमेदवाराने धंद्याच्या ओघात स्वतः केलेला, माल पुरवण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा करार अर्जांच्या छाननीच्या दिवशी जिवंत असेल, तरच तो आड येतो. विधानसभेसाठी सरकार म्हणजे राज्य सरकार. त्यामुळे रेल्वेला खडी पुरवणारा याच कारणाने बाद होत नाही. काम पूर्ण झालंय, फक्त बिल अडकलंय, तर करार चालू धरत नाहीत. कलमाच्या स्पष्टीकरणात तसं लिहिलंच आहे. गोची होते ती रस्त्याच्या कामात. डांबर पडलं, पण दुरुस्तीची मुदत अजून ठेकेदाराच्या माथी आहे. अशा वेळी ‘माझ्याकडून काम संपलं’ हे सिद्ध करणं जड जातं. म्हणून अर्ज भरायच्या कितीतरी आधी काम पूर्ण झाल्याचा दाखला हातात हवा. प्रोप्रायटरशिप असेल तर फर्म आणि मालक एकच. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने केलेला करार मात्र कायद्याने कंपनीचा असतो.

ग्रामपंचायतीत हेच माप लावू नका. तिथला कायदा कडक आहे. पंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, थेट किंवा आडून हितसंबंध असला तरी अपात्रता येते. गोव्यात तर नवऱ्याच्या पंचायत ठेक्यामुळे बायकोचं सदस्यत्व गेलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते योग्य ठरवलं, कारण तिथे पतीपत्नीची मालमत्ता सामाईक धरतात.

संस्थेच्या विश्वस्तपदामुळे उमेदवारी जात नाही. मात्र परदेशी देणगी कायद्यानुसार निवडणुकीचा उमेदवार परदेशी देणगी घेऊ शकत नाही. संस्थेची गाडी प्रचाराला फिरली तर तिचा खर्च उमेदवाराच्या नावावर चढतो. वह्या-दप्तरं मतांसाठी वाटली तर ती लाच.

आधीची रक्तदान शिबिरं खर्चात येत नाहीत. खर्चाचा काळ अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून. महाराष्ट्रात विधानसभेची मर्यादा ४० लाख रुपये आहे. त्यासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरायच्या किमान एक दिवस आधी उघडावं लागतं. खर्चाच्या नोंदवहीचे तीन भाग असतात: रोजचा हिशोब पांढऱ्या पानांवर, रोख गुलाबी, बँक पिवळ्या. प्रचारात ती किमान तीनदा तपासायला द्यावी लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत पूर्ण हिशोब. सबळ कारण नसताना तो चुकवला तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

अर्ज खरोखर कुठे अडतो, ते फॉरवर्डमध्ये नाहीच. अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ च्या शपथपत्रात रकाना कोरा सोडला, आणि अधिकाऱ्याने सांगूनही भरला नाही, तर अर्ज फेटाळता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. कर्ज नसेल तर ‘निरंक’ लिहा, प्रश्न गैरलागू असेल तर ‘लागू नाही’. रेघ मारून सोडू नका. याच शपथपत्रात स्वतःचे, जोडीदाराचे, भागीदारी फर्मचे आणि खासगी कंपनीचे सरकारी करार जाहीर करायचे असतात. ठेका असणं हाच गुन्हा असता तर त्यासाठी रकाना कशाला ठेवला असता? अपक्ष असाल तर त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार, लागतात. त्यांची नावं आणि यादीतले अनुक्रमांक मतदार यादीशी ताडून बघा, अंदाजाने लिहू नका.