गुळाने शुगर उतरत नाही

थंडी पडली की नाशिकच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: 'साखर म्हणजे पांढरं विष. हाडांच्या भुकटीने पांढरी करतात. गूळ खा, डायबेटिस जातो, रक्त वाढतं. द्राक्षं बंद करा, त्यात साखरच असते.'

हाडांचं आधी उरकून टाकू. आपल्याकडचे बहुतेक कारखाने उसाचा रस चुना आणि गंधकाच्या धुराने साफ करतात. हाडांचा कोळसा परदेशातल्या काही रिफायनऱ्यांत वापरतात. रसायनांचीच भीती असेल, तर पिवळाधमक गूळ घेताना विचारा. तो रंग यावा म्हणून गुऱ्हाळात अनेकदा हायड्रॉस पावडर (रंग उजळवणारं रसायन) पडते.

गुळाने डायबेटिस जातो, हा दावा मात्र धोक्याचा आहे. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यात ८० टक्क्यांच्या पुढेमागे साखरच. पोटात गेल्यावर तिचंही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच होतं. गंगापूर रोडला फिरून आल्यावर 'गुळाचाच आहे' म्हणत दोन-दोन कप चहा रिचवणारे काका स्वतःला फसवू शकतात, एचबीएवनसीला (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीला) नाही.

रक्तवाढीचा हिशोब करा. १०० ग्रॅम गुळात उदारपणे ११ मिलीग्रॅम लोह धरलं, तरी १० ग्रॅमच्या खड्यातून १.१ मिलीग्रॅम मिळतं. बाईची रोजची गरज २९. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या.

आता 'विष'. इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर अचानक उतरली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून देतात. प्रश्न प्रमाणाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सूचनेप्रमाणे २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत हवी, २५ च्या आत असेल तर उत्तम. गूळ, मध आणि फळांचा रसही त्यातच धरायचा. दोन चमच्यांचे चार चहा म्हणजेच ४० ग्रॅमच्या आसपास झाले. वर कोल्ड्रिंकची ३०० मिलीची बाटली, की आणखी तीसेक. दात किडतात, वजन वाढतं, यकृतावर चरबी चढते आणि वाढलेल्या वजनामागून डायबेटिस येतो. म्हणजे मेसेजमधली काळजी खोटी नाही, उपाय खोटा आहे.

राहिली द्राक्षं, आणि तीही निफाड-पिंपळगावच्या जिल्ह्यात बंद करायची! अख्ख्या फळातली साखर त्या मर्यादेत मोजत नाहीत. १०० ग्रॅम द्राक्षांत साधारण १५-१६ ग्रॅम साखर असते. डायबेटिस असेल तर मूठभर घ्यावीत, पेटी मांडीवर घेऊन बसू नये. मनुक्यांना मात्र जपून: पाणी उडालेलं, साखर तेवढीच, १०० ग्रॅममध्ये साठाच्या आसपास.