कोंबडीची पिल्लं हुंगायला दिली की कुत्रा राखणदार होतो, हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

महिनाभर एक मेसेज फिरतोय. आधी बचत गटाच्या ग्रुपवर आला, मग भावकीच्या, आणि काल माझ्या मामेबहिणीने मलाच पाठवला, "ताई तुझ्याकडे पिल्लं आलीत ना, हे कर" म्हणून. सोबत व्हिडिओ आहे, कुत्रा पडलाय आणि पिवळी पिल्लं त्याच्या अंगावर चढतायत. खाली लिहिलंय की पिल्लं आणली की पहिल्याच दिवशी घरच्या कुत्र्याला हुंगायला द्या, ३ दिवसांत तो त्यांना आपली मानतो आणि राखण करतो. पूर्वी गावात असंच चालायचं. एखादं मारलंच तर मेलेलं पिल्लू त्याच्या गळ्यात बांधा, परत वाटेला जाणार नाही. तरी नाहीच ऐकलं तर त्याला रक्ताची चटक लागलीय, लांब नेऊन सोडा. आणि पिल्लांना डालगं (झाकायची टोपली) आणि एक बल्ब एवढं बास.

यातलं पहिलं मी स्वतः केलंय म्हणून लिहितेय. ४ वर्षांपूर्वी गिरिराज जातीच्या कोंबडीची २५ पिल्लं आणली होती, आठवड्याची. मोत्याला हुंगायला दिली, त्याने शेपूट हलवत दोन-तीन पिल्लं चाटली, आम्ही सगळे खूश, सासूबाई तर म्हणाल्या बघ कसं लेकरासारखं करतोय. तिसऱ्या दिवशी दुपारी मी नळावर धुणं धुवायला गेले, अर्धा तास पण झाला नसेल, आले तर परड्यात ११ पिल्लं पडलेली. एकही खाल्लेलं नाही, रक्त पण जवळजवळ नाही, नुसती लाळेने भिजून पिसं चिकटलेली. एक हातात घेतलं तर अजून गरम होतं. आणि मोत्या बाराव्या पिल्लाला नाकाने हळूच ढकलत होता, ते परत पळावं म्हणून. मला बघून शेपूट हलवली त्याने. त्याच्या डोक्यात राग नव्हता, भूक नव्हती, सकाळीच भाकरी-दूध खाल्लेलं. तो खेळत होता आणि खेळणं बंद पडलं होतं.

म्हणून पहिला मुद्दा, हुंगायला दिलं की आपलं मानतो. हुंगून कुत्र्याला समोर काय आहे एवढंच कळतं. शिकारीची त्याची एक साखळी असते, टक लावून बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, चावा, फाडणं, आणि यातल्या कुठल्या कड्या पक्क्या आणि कुठल्या ढिल्या हे त्याच्या रक्तात असतं. ही साखळी सुरू व्हायला वासापेक्षा हालचाल जास्त कारण होते. पिल्लू शांत बसलंय तोवर कुत्रा पण शांत, आणि तेच पिल्लू चिवचिवत आडवं पळालं की त्याचं अंग आधी पळतं, डोकं मागून. आपल्याकडची पश्मी, कारवान ही तर सशामागे पळायलाच जोपासलेली जात, आणि गावठी कुत्र्यात काय काय मिसळलंय ते आपल्याला माहीत नसतं. राखणीची कुत्री जगात आहेत की, नाही कोण म्हणतं. ऑस्ट्रेलियात वॉर्नमबूल गावाजवळच्या एका छोट्या बेटावर २००६ पासून मरेमा जातीची कुत्री कोल्ह्यांपासून पेंग्विन राखायला ठेवली. पण मरेमा ही इटलीची मेंढ्या राखणारी जात आहे, कैक पिढ्या निवडून निवडून पाठलागाची कडी ढिली केलेली, वर माणसाने शिकवलेली. आणि असल्या जातीची पिल्लं सुद्धा पहिलं वर्ष-दोन वर्षं खेळताखेळता कोंबडी मारू शकतात, म्हणून त्यांना एकटं सोडत नाहीत. आणि आपण ३ दिवस म्हणतोय!

तो व्हिडिओ परत बघा, यावेळी पिल्लांकडे नको, कुत्र्याच्या तोंडाकडे बघा. सारखी जीभ ओठावरून फिरवतोय, तोंड बाजूला वळवलंय पण डोळे पिल्लांवरच, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, अंग ताठ. तो आरामात नाही, तो स्वतःला आवरून धरतोय. आणि कोपऱ्यात कुणाचा तरी हात त्याच्या पट्ट्यावर आहे. तो हात काढल्यावर काय झालं ते व्हिडिओत नाही.

दुसरं, पूर्वी असंच चालायचं. यावर मी खूप विचार केलाय कारण हे खोटं नाही, माझ्या आजीच्या अंगणात कुत्रं आणि कोंबड्या एकत्रच असायच्या. पण आजी पिल्लं विकत आणत नव्हती ना. कोंबडी खुडुक झाली की अंडी खाली ठेवून रवणीला बसवायची, २१ दिवसांनी पिल्लं निघायची आणि ती आईच्या मागेमागे फिरायची. पिल्लंवाली कोंबडी कधी जवळून बघितलीय का तुम्ही? पंख पाडून, अंग दुप्पट फुगवून ती सरळ कुत्र्याच्या नाकावर जाते, बोचकारते, टोचते. त्या घरातलं कुत्रं लहान असल्यापासून असल्या चार कोंबड्यांच्या चोची खात मोठं झालेलं असायचं, त्याला कळलेलं असायचं की पिवळ्या गोळ्यांमागे एक चोच येते. आज आपण पुठ्ठ्याच्या बॉक्समधून जी पिल्लं आणतो, एका खणात २५ अशी १०० ची पेटी, त्यांना आई नाहीच. त्यांच्या बाजूने नाकावर जाणारं कुणी नाही. आणि आजीचा हिशोब पण आठवा, १२ अंडी ठेवली तर कोंबडी होईपर्यंत ४-५ राहायची, बाकी घार, मुंगूस, बोका आणि कधीकधी घरचं कुत्रं. ती म्हणायची देवाचं देवाला. एकेक पिल्लू पैसे मोजून आणलेल्या बाईला ते परवडत नाही.

तिसरं, मेलेलं पिल्लू गळ्यात बांधा. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं कारण हे लोक करतात, मी दोन घरी बघितलंय. कुत्र्याला शिक्षेचा संबंध लागतो तो त्या क्षणाशी, फार तर एक-दोन सेकंद मागचं. अर्ध्या तासाने गळ्यात काही बांधलं तर त्याच्यासाठी ते नुसतं कुजकं काहीतरी गळ्यात आहे आणि मालक चिडलाय. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी त्याला अळ्या पडतात, मानेला जखम होते, कुत्रं घाबरट नाहीतर चावरं होतं. आणि पिल्लं मारायचं थांबतं का? एका घरी तर त्याने ते गळ्यातलंच ओढून खाल्लं.

मारून पण तेच. आमच्यात मोत्याला त्या दिवशी काठी पडली, आणि त्यातून तो शिकला काय, तर मी असताना परड्यात जायचं नाही. मी नसताना जायचं.

चौथं, रक्ताची चटक लागली, सोडून या. चटक रक्ताची नसतेच, पळवण्याची असते. रक्त मटणाच्या पाण्यात पण असतं, ते दिल्याने कुणी कोंबड्या मारत नाही. पण एकदा पाठलागाची मजा मिळाली की पुढच्या वेळी तो लवकर पेटतो, हे खरं, आणि म्हणूनच पहिली संधीच मिळू द्यायची नाही हा सगळा खटाटोप. बाकी कुत्रं लांब नेऊन सोडणं हे नुसतं निर्दयी नाही, उपाशी-तहानेलं मरेल असं जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. आणि ते कुत्रं तिकडे दुसऱ्या कुणाची तरी पिल्लं मारणारच की.

आता डालगं आणि बल्ब. डालगं कुत्रं एका धक्क्यात उलथं करतं, वर दगड ठेवला तर खालून उकरतं. षटकोनी भोकांची कोंबडीजाळी असते ना, ती कोंबडी आत ठेवायला आहे, कुत्रा बाहेर ठेवायला नाही, दाताने ओढली की उसवते. जाड तारेची वेल्डची जाळी लागते, अर्ध्या इंची भोकांची म्हणजे मुंगूस आणि घूस पण थांबते, आणि ती जमिनीत फूटभर गाडायची किंवा बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर दगड-माती टाकायची. दाराला नुसती खुंटी नको, कडी आणि वर एक आकडा.

बल्बचं तर अजून वेगळं. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीला साधारण ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. जुना पिवळा बल्ब ऊब द्यायचा, आता लोक ९ वॅटचा एलईडी लावतात, त्यात उजेड आहे, ऊब जवळजवळ नाही. पिल्लं एकमेकांवर चढतात, खालची चेंगरून मरतात. आणि गारठलेलं पिल्लू गप्प राहत नाही हो, ते कर्कश, लांब, सारखं ओरडतं. तीच हाक कुत्र्याला बोलावते. हे मला फार उशिरा कळलं, की ज्या रात्री लाईट जाते त्या रात्रीच मोत्या जाळीला नाक लावून कुईकुई करतो. उबेत असलेली पिल्लं पसरून झोपतात, मधेच बारीक किणकिण करतात, कुत्रा त्यांच्याकडे मान पण वळवत नाही. म्हणून मी आता लोडशेडिंगसाठी कोळशाची शेगडी वर पत्रा टाकून तयार ठेवते, धूर बाहेर जायला वाट ठेवून.

"एवढं बास" म्हणणाऱ्याने मानमोडी (राणीखेत रोग) बघितलेली नाही. पहिल्या आठवड्यात त्यावरची लासोटा लस, डोळ्यात थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस, पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अजून एक, पिल्लांचं खाद्य कुत्र्याला चाटू देऊ नका, काही खाद्यात रक्ती हगवणीवरचं जे औषध असतं ते कुत्र्याला विषारी ठरू शकतं.

मोत्या आमच्याकडेच आहे. त्या ११ नंतर मी त्याला रोज पट्ट्याला धरून जाळीपासून १५ पावलांवर बसवायचे, पिल्लांकडे बघून परत माझ्याकडे बघितलं की चपातीचा तुकडा. टक लावून बसला की मागे सरकायचं, ओरडायचं नाही. १५ पावलांवरून ३ पावलांवर यायला दोन महिने लागले, आणि त्याआधी रोज सकाळी त्याला शेतापर्यंत दमवून आणायचे कारण साखळीला दिवसभर बांधलेलं कुत्रं जास्त पेटतं. आता मोठ्या कोंबड्यांमध्ये तो फिरतो, मी समोर असेन तर. पिल्लांच्या जाळीच्या आत तो आजपर्यंत गेलेला नाही आणि मी नेणार पण नाही. मागच्या बुधवारी रात्री मुंगूस आलं तेव्हा बाहेरून त्यानेच भुंकून घर उठवलं. जाळी बघितली तर खाली एका जागी माती उकरलेली होती, चार बोटं. सकाळी तिथे दगड बसवला, आत २३ ची २३ पिल्लं होती.