15 रुपयांपायी मावशीनं दार लावलं

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक लांबलचक मेसेज आला. तुमच्याकडेही आला असेल. त्यात चार गोष्टी आहेत. मलेरियासाठी गरीब देशांना दिलेले अब्जावधी डॉलर पाण्यात गेले. आफ्रिकेत फुकट वाटलेल्या मच्छरदाण्यांनी लोक मासे पकडतात. भारतातून मलेरिया कधीच गेला, तेव्हा त्यावरचा खर्च बंद करा. आणि घरोघरी रक्त घ्यायला येणाऱ्या बायकांना थेंबामागे कमिशन मिळतं, त्यांना दारात उभं करू नका.

पहिले तीन मुद्दे वाचून मी सोडून दिले असते. पण चौथा माझ्या मावशीनं तंतोतंत पाळला.

मावशी सोलापुरात, पूर्व भागात राहते. दोन दिवस ताप होता, संध्याकाळी हुडहुडी भरून दात वाजायचे. आशाताई काचपट्टी घेऊन दारात आली तेव्हा "मला काही झालं नाही" म्हणून मावशीनं कडी लावून घेतली. पुढचे सहा दिवस तिनं मेडिकलमधल्या तापाच्या गोळ्यांवर काढले. शेवटी मावसभाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेला. तिथं रक्त तपासल्यावर व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला.

म्हणून आधी या चौथ्या मुद्द्याचंच बघू. रक्तनमुन्यामागे आशाताईला पैसे मिळतात, हे खरं आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात त्याचा दरच ठरवलेला आहे, 15 रुपये. यात लपवाछपवी कुठली? आशा ही सरकारी नोकरदार नाही. तिला स्वयंसेविका धरतात आणि कामागणिक मोबदला देतात. त्या 15 रुपयांत ती बोट टोचते, एकाच काचेवर एक जाड ठिपका आणि शेजारी एक पातळ थर करते, नाव-वय-पत्ता लिहून घेते आणि पट्टी तपासणीला पोचवते. जाड ठिपक्यात जंतू आहे की नाही ते दिसतं, पातळ थरात तो कुठल्या जातीचा ते कळतं. जात कळल्याशिवाय औषध ठरत नाही. व्हायव्हॅक्सचा जंतू यकृतात दडून बसतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उठतो, म्हणून त्याला 14 दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या लागतात. फॅल्सिपॅरम ही दुसरी जात, तिचा जंतू डोक्यात गेला तर माणूस हातचा जातो, त्याचं औषध वेगळं.

शिवाय ती पट्टी एकट्या मावशीसाठी नव्हती. रुग्ण सापडला की आजूबाजूच्या घरांतलं रक्त तपासतात, टाक्या-बॅरल बघतात, फवारणी करतात. मावशीनं कडी लावली आणि तिची अख्खी गल्ली सहा दिवस कुणाच्या यादीतच आली नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, घराघरांत पाणी साठवलेलं असतं. शहरात मलेरिया पसरवणारा ॲनोफिलिस स्टीफन्सी डास नेमका अशाच साठ्यात अंडी घालतो.

आता "मलेरिया गेला, खर्च बंद करा" याबद्दल. हा प्रयोग आपण करून बसलोय. 1947 साली देशात वर्षाला साधारण साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे. 1953 साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घरोघर डीडीटी हे डास मारायचं औषध फवारलं गेलं, आणि 1965 पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. मग सगळे निर्धास्त झाले. निधी, डीडीटी, माणसं, सगळंच कमी पडत गेलं, डासही डीडीटीला दाद देईनात. 1976 साली रुग्ण 64 लाखांवर! श्रीलंकेत 1963 साली फक्त 17 रुग्ण उरले होते. फवारणी थांबली आणि त्याच दशकाच्या शेवटी लाखोंनी लोक आजारी पडले. 'मलेरिया जर्नल'मध्ये 2012 साली 61 देशांत मलेरिया असा पुन्हा उसळल्याच्या 75 प्रसंगांचा आढावा आला होता. त्यातल्या 68 वेळा कार्यक्रम ढिला पडणं हे एक कारण होतं, आणि ढिला पडण्यामागे सगळ्यात जास्त वेळा पैशांची टंचाई होती. खर्च बंद करा म्हणणाऱ्यानं आधी हे वाचावं.

मच्छरदाण्यांचं म्हणाल तर तलावाकाठच्या काही गावांत त्यांनी मासे धरतात, हे मान्य. पण म्हणून फुकट वाटणं सोडून त्या विकत द्यायच्या? केनियात गरोदर बायकांच्या दवाखान्यांत हे करून पाहिलं. फुकटाऐवजी 40 शिलिंग म्हणजे जेमतेम 60 सेंट किंमत लावली, तर मच्छरदाणी घेणाऱ्या बायका शंभरामागे 60 नी कमी झाल्या. आणि पैसे मोजलेल्या बायका फुकट मिळालेल्यांपेक्षा जास्त वापरत होत्या, असंही दिसलं नाही.

अब्जावधी डॉलरचा हिशेब तर अर्धवटच सांगितलाय. 2023 साली जगभरात मलेरियासाठी 830 कोटी डॉलर हवे होते, मिळाले 400 कोटी. काही देशांत अफरातफर झाली आणि ती हे पैसे पुरवणाऱ्या ग्लोबल फंड या संस्थेच्या स्वतःच्याच तपासात उघड झाली, हेही खरं. तरी 2000 सालच्या तुलनेत मलेरियाचा मृत्युदर निम्म्यावर आलाय. 2023 मध्ये जे 5 लाख 97 हजार लोक गेले, त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची लेकरं होती. त्यांच्यावरचा पैसा पाण्यात गेला असं लिहिताना हात कसा धजावला?

मावशीच्या 14 दिवसांपैकी आज सहावा दिवस. ताप उतरलाय, म्हणून काल ती गोळ्या बंद करायला निघाली होती. मावसभावानं डबीवर उरलेले दिवस लिहून चिकटवलेत. आशाताई परवा पुन्हा गल्लीत येणार आहे, शेजारच्या घरांतलं रक्त घ्यायचं राहिलंय. तिला घरं दाखवायला आपण सोबत जाऊ, असं मावशी स्वतःच म्हणाली.