कार्टून म्हणे पोरांचं!

परत तेच! शहापुरात आमच्या माडीवर धाकटी बहीण तीन आठवडे ब्लेंडर ह्या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर एकच शॉट करत बसलेली, आज्जी कुंद्याच्या मिठाईच्या पुड्याचा दोरा सोडायला बघते, गाठ सुटेना म्हणून दातानं तोडते, एवढंच, चार सेकंद, म्हणजे 96 फ्रेम, पण त्या बोटांची थरथर बघून आईच्या डोळ्यात पाणी आलं. आणि स्पर्धावाल्यांनी फिल्म टाकली कुठं, तर बालविभागात! कार्टून आहे म्हणून!

पण यांना तरी काय बोलायचं, ऑस्करवालेसुद्धा तसलेच. अ‍ॅनिमेशनपटांसाठी वेगळं ऑस्कर ठेवायला 2002 उजाडलं, बेस्ट पिक्चरला 2025 पर्यंत नामांकनं मिळाली फक्त तीन, जिंकलं एकही नाही. 2022 ला तर अ‍ॅनिमेटेड शॉर्टफिल्मचं बक्षीस टीव्हीवर लाइव्ह सुरू व्हायच्या आधीच उरकून टाकलं. लॅटव्हियाच्या 'फ्लो' ह्या मांजराच्या पिक्चरनं 2025 ला अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर घेतलं, तोही ह्याच फुकटच्या ब्लेंडरवर केलेला, अख्ख्या पिक्चरमध्ये एक शब्द नाही, तरी दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग कशालाच नामांकन नाही! अरे, मांजराच्या मागं पाण्यातनं फिरणारा तो कॅमेरा कुणीतरी रात्र रात्र बसून ठरवलाय की!

बहीण कालपासून कॉम्प्युटरजवळ फिरकली नाही.