खुलासा : ‘ओपन एमपीआय’ आणि ‘ओपनएमपी’ एक नव्हेत

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : “ओपनएमपी म्हणजेच ओपन एमपीआय. ही समांतर प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, सुपरकॉम्प्युटरशिवाय चालत नाही.” तिन्ही विधानं चूक.

नावांचा घोळ समजण्यासारखा आहे. (नावं ठेवणाऱ्यांनी आपली गंमतच केलीय!) एक काम अनेकांत वाटून एकाच वेळी करायचं, म्हणजे समांतर प्रोग्रॅमिंग, हे दोन्हींचं उद्दिष्ट. पण कामाची पद्धत पार वेगळी. ओपनएमपी म्हणजे रापण : जाळं एक, ओढणारे अनेक. सगळे थ्रेड (एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा) एकच मेमरी वापरतात. एमपीआय (‘मेसेज पासिंग इंटरफेस’, ओपन एमपीआय ज्यावर बेतलंय ते) म्हणजे समुद्रात पांगलेल्या होड्या. प्रत्येकीची मासळी आपापल्या पोटात, दुसरीकडे काय आहे ते वायरलेसवर विचारल्याशिवाय कळायचं नाही. इथे प्रत्येक प्रोसेसची (प्रोग्रॅमच्या वेगळ्या चालणाऱ्या प्रतीची) मेमरी स्वतंत्र. एकीने ‘सेंड’ करायचं, दुसरीने ‘रिसीव्ह’. दोघीही आधी ‘रिसीव्ह’ म्हणून वाट बघत बसल्या, की प्रोग्रॅम जागीच अडकतो. त्यालाच डेडलॉक म्हणतात, आणि नवशिक्यांचा निम्मा वेळ त्यातच जातो.

एमपीआय ही भाषाही नाही, ते मानक आहे, म्हणजे ठरवून दिलेले नियम. पहिली आवृत्ती १९९४ ची. प्रोग्रॅम आपण सी किंवा फोरट्रानमध्येच लिहायचा. ओपन एमपीआय आणि एमपीआयसीएच ही त्या मानकाची दोन मोफत रूपं.

राहिला सुपरकॉम्प्युटर. चार कोअरच्या साध्या लॅपटॉपवर चार प्रोसेस खुशाल चालतात. मालवणात घरी बसून सुरुवात करा, लाइट असेल तेव्हा.